धूर सुटला तर उठायचं कुणी?

अभ्यासपाठ : गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी



या महिन्याचा पाठ बिडी-सिगारेटच्या धुरावर आहे. तंबाखू वाईट, हे तुम्हाला कुणी नव्याने सांगायला नको. पाकिटावर चित्र छापलेलं असतं, शाळेतली पोरं प्रभातफेरीत घोषणा देतात. ते पुन्हा सांगण्यासाठी हा पाठ लिहिलेला नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. एसटी स्टँड, दवाखाना, ग्रामपंचायत, प्रवासाची जीप अशा चारचौघांच्या जागेत माणसाला बिडी-सिगारेट ओढू द्यावी की नाही? नको म्हणायचं तर ते कुणी म्हणायचं आणि भांडण न करता कसं म्हणायचं?

एका ताईने मोठ्याने वाचावं. प्रत्येक भाग संपला की थांबावं आणि आपल्या गावात काय चालतं ते बोलावं. एका बैठकीत पाठ पुरा झाला नाही तर दोन बैठका घ्या, पण शेवटचे प्रश्न सोडू नका.

१. आधी समोरच्याचं म्हणणं ऐकू

बिडी ओढणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "माझ्या कष्टाचा पैसा, माझी बिडी, माझी छाती. तुम्हाला काय त्रास?" ह्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. मोठ्या माणसाने काय खावं, काय प्यावं हे दुसऱ्याने ठरवलेलं कुणाला आवडेल? आपण काय नेसायचं, कुठे जायचं हे दुसरे ठरवतात तेव्हा आपल्याला किती राग येतो ते आठवा. तेव्हा त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका.

पण पुढे विचार करा. भाकरी खाणाऱ्याची भाकरी त्याच्याच पोटात जाते. बिडीचं तसं नाही. ओढणारा झुरका घेतो तेवढाच धूर त्याच्या छातीत जातो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात बिडीचं पेटतं टोक धुमसत राहतं आणि तो धूर थेट हवेत मिसळतो. शिवाय ओढणारा जो धूर सोडतो तोही हवेतच येतो. ही हवा शेजारी बसलेली बाई, तिच्या मांडीवरचं लेकरू, दम लागलेली म्हातारी, सगळे ओढतात. त्यांनी बिडी विकत घेतलेली नाही आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

म्हणून प्रश्न "बिडी ओढावी का?" असा नाही. प्रश्न आहे, धूर सुटला तर उठायचं कुणी? बिडीवाल्याने उठून मोकळ्यावर जायचं, की बाकीच्यांनी?

बिडी हातात घेऊन पन्नास पावलं चालता येतं. श्वास मात्र कुठे ठेवून येता येत नाही. दवाखान्यात नंबर लावलेली गरोदर बाई रांग सोडून गेली तर तिचा नंबर जातो. जीपमध्ये दोघींच्या मध्ये दाटून बसलेलीला उठायलाच जागा नसते. ज्याला उठता येतं त्याने उठावं, एवढाच साधा न्याय आहे.

२. दुसऱ्याच्या धुराने काय होतं

तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात. त्यातली निदान ६९ कर्करोग घडवणारी आहेत. बिडी ओढणाऱ्याच्या शेजारी बसून आपण हाच धूर आत घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, स्वतः कधीच न ओढणारी पण दुसऱ्याच्या धुरात राहणारी १२ लाखांहून जास्त माणसं दर वर्षी जगभरात मरतात. घरात किंवा कामाच्या जागी रोज असा धूर घेणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

लहान मुलांची छाती छोटी असते, ती श्वासही भराभर घेतात. त्यामुळे धुरात वाढणाऱ्या मुलांना न्यूमोनिया, दमा, सारखा खोकला आणि कान फुटणं हे जास्त होतं. गरोदरपणी बाई धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. अंगणवाडीत वजनकाट्यावर आपण बाळाचे शंभर-दोनशे ग्रॅम मोजतो. ते वजन कशाने घटतं याच्या यादीत धूरही लिहून ठेवा.

"पंखा लावा, खिडकी उघडा, धूर निघून जाईल," असं लोक म्हणतात. खिडकी उघडल्याने वास कमी होतो, पण खोलीतलं विष पुरतं जात नाही. थोडासा धूर चालतो अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही.

इथे एखादी मैत्रीण म्हणेल, "चुलीचा धूर आम्ही जन्मभर खाल्ला, त्याचं काय?" बरोबर विचारलंत. चुलीचा धूरही छातीला वाईटच आहे आणि त्याचा मोठा भार बायकांवर आणि लेकरांवरच पडतो. पण एक धूर आहे म्हणून दुसरा चालवून घ्यावा असं होत नाही. जिच्या छातीने चुलीचा धूर सोसला आहे, तिला तर बिडीच्या धुरातून आधी सुटका हवी.

३. कायदा काय सांगतो

खूप बायकांना वाटतं की बिडी ओढू नका म्हणणं म्हणजे आपला आगाऊपणा. तसं नाही. आपल्या मागे कायदा उभा आहे, तो नीट समजून घेऊ.

१२ जुलै १९९९ रोजी केरळच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक जागी धूम्रपान करणं बेकायदा आहे. राज्यघटनेच्या कलम २१ ने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे आणि दुसऱ्याच्या धुराने त्या हक्काला बाधा येते, असं न्यायालयाने म्हटलं.

पुढे मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी आदेश दिला. दवाखाने, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि प्रवासाची वाहनं इथे धूम्रपानाला बंदी आली. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराचा बळी का व्हावं, हाच त्या आदेशाचा गाभा आहे.

त्यानंतर संसदेने २००३ साली सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा केला. त्याला थोडक्यात "कोटपा" म्हणतात. या कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला बंदी आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नवे, जास्त कडक नियम लागू झाले.

आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

• सार्वजनिक ठिकाण म्हणजे लोक जिथे जाऊ-येऊ शकतात ती जागा. त्यात दवाखाना, शाळा, कॉलेज, वाचनालय, सरकारी कचेरी, न्यायालय, हॉटेल, खानावळ, सिनेमागृह, कामाची ठिकाणं, एसटी, रेल्वे आणि प्रवाशांची इतर वाहनं येतात.

• मोकळी जागा या बंदीत येत नाही. पण एसटी स्टँड, बस थांबा, रेल्वे स्टेशन आणि स्टेडियम या जागा उघड्या असल्या तरी तिथे बंदी आहेच. गावातला पार, शेताचा बांध, मोकळा रस्ता इथे कायदा अडवत नाही.

• दंड २०० रुपयांपर्यंत होतो.

• अशा जागेच्या दारात ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावावा लागतो. इथे धूम्रपान करणं गुन्हा आहे, हे त्यावर लिहिलेलं असावं. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही हवं.

• त्या जागी राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचा नाही.

• जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रमुख यानेही लक्ष ठेवलं पाहिजे. त्याने दुर्लक्ष केलं तर त्यालाही दंड होतो.

• दंड करायचा अधिकार ठरावीक लोकांना दिलेला आहे. शाळेत मुख्याध्यापक आणि शिक्षक, सरकारी दवाखान्यात तिथले वैद्यकीय प्रमुख, रेल्वे स्टेशनात स्टेशन मास्तर. गावाच्या हद्दीत सरपंच आणि ग्रामसेवक यांनाही हा अधिकार आहे. पोलिसांत फौजदार आणि त्यावरचे अधिकारी दंड करू शकतात.

• १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कुठलाही माल विकायचा नाही आणि त्याच्या हातून विकवायचाही नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, असा माल विकायला बंदी आहे.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपण स्वतः कुणाला दंड करू शकत नाही. पण ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे तक्रार करू शकतो आणि फलक का लावला नाही हे विचारू शकतो. सरपंच ताई असतील, आपल्याच गटातल्या असतील, तर त्यांना हा अधिकार आपल्याकडे आहे हे माहीत तरी आहे का, तेही विचारा.

४. शंभरातले किती जण ओढतात?

"गावातले सगळेच ओढतात, कुणाकुणाला सांगणार?" असं आपण सहज म्हणून जातो. आकडे वेगळं सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात १०० मोठ्या माणसांत बिडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ४ आहेत (३.८ टक्के). नुसते पुरुष घेतले तरी १०० मध्ये ६. आपल्याकडे तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे खूप आहेत, पण ओढणारे थोडेच.

म्हणजे ग्रामसभेला शंभर माणसं जमली तर चौघांच्या धुरासाठी शहाण्णव जण गप्प बसतात. ओढणारे फार आहेत म्हणून धूर चालतो असं नाही. न ओढणारे बोलत नाहीत म्हणून चालतो.

यात बायकांचं नुकसान जास्त होतं. पंचायतीच्या खोलीत धूर कोंडला की बायका दाराशी सरकतात. लेकरू खोकायला लागलं की एक जण बाहेर ओट्यावर जाते, तिच्या मागे दुसरी जाते. आत नळाच्या योजनेवर, घरकुलाच्या यादीवर बोलणं चालूच असतं. नंतर म्हणायला मोकळे, "बायका सभेला थांबतच नाहीत." ती बाई कंटाळून उठली नव्हती, धुराने उठली होती. पण निर्णय तिच्यावाचून झाला तो झालाच. त्यामुळे हा मामला आरोग्याचा आहेच, पण सभेतल्या आपल्या जागेचाही आहे. धुरामुळे ज्या खोलीत बसवत नाही, त्या खोलीत आपल्याला आवाजही राहत नाही.

५. आपलंही तपासू

बोट दुसऱ्याकडे दाखवायच्या आधी तीन गोष्टी आपसात मोकळेपणाने बोलू.

पहिली, मिश्री. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १०० बायकांमध्ये १६ ते १७ जणी धूर नसलेली तंबाखू वापरतात असं दिसलं. त्यात मिश्री आली, तंबाखू-चुना आला. मिश्रीचा धूर शेजारणीला लागत नाही, त्यामुळे सार्वजनिक धुराच्या कायद्यात ती येत नाही. पण तोंडाचा कर्करोग तिनेही होतो आणि गरोदर बाईच्या बाळालाही त्रास होतो. "तुम्ही मिश्री लावता आणि आम्हाला शिकवता होय?" असं कुणी विचारलं तर काय सांगाल? खरं तेच सांगा. "होय दादा, ती सवय वाईटच आहे आणि आम्ही सोडायला बघतोय. पण आमच्या मिश्रीने तुमचं लेकरू खोकत नाही."

दुसरी, दुकान. गटातून कर्ज काढून किती तरी जणींनी किराणा दुकान, चहाची टपरी टाकली आहे. त्यात बिडी, सिगारेट, तंबाखूची पुडी ठेवली जाते कारण गिऱ्हाईक त्यासाठी येतं आणि जाताना साखर-चहापत्ती घेऊन जातं. त्या मैत्रिणीला गटात उभं करून लाज आणू नका, तिच्या घरची चूल त्यावर आहे. पण नियम तिला माहीत असलेच पाहिजेत. लहान मुलाला माल द्यायचा नाही, "बापाने मागवलंय" म्हणाला तरी नाही. शाळेजवळ विक्री नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे, पाकीटच विकावं लागतं. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. दुकानाच्या बाकड्यावर बसून ओढू द्यायचं नाही, पेटवायला काडी किंवा लायटर टांगून ठेवायचा नाही. नव्या दुकानासाठी कर्जाचा अर्ज आला तर या मालावाचून दुकान चालेल का, याचा हिशोब गटाने तिच्याबरोबर बसून मांडावा.

तिसरी, विडी वळणाऱ्या बायका. सोलापूर, सिन्नर, भंडारा-गोंदिया या भागात हजारो बायकांचं पोट विडीवर आहे. हजार विड्या वळल्या की मजुरी मिळते. "बंदी आली तर आमचं काय?" हा त्यांचा प्रश्न खरा आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. सार्वजनिक ठिकाणची बंदी म्हणजे विडी बंद करणं नाही, ती फक्त कुठे ओढायची नाही एवढं सांगते. पण तंबाखूची धूळ सगळ्यात जास्त त्याच बाईच्या नाकातोंडात जाते हेही तेवढंच खरं. तिला शिलाई, शेळीपालन, मसाला अशा दुसऱ्या कामाला उभं करायचं असेल तर त्यासाठी प्रशिक्षण आणि कर्ज आधी हवं. हे काम आपल्या संघाचं आहे आणि ते नुसत्या घोषणेने होणार नाही.

६. कसं बोलायचं

कायदा हातात आहे म्हणून कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका. बिडीची तलफ साधी नसते. तंबाखूतलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि मग मेंदू तेच परत मागत राहतो. ते मिळालं नाही की माणूस चिडचिडा होतो, अस्वस्थ होतो. त्याला आपण "व्यसनी" म्हणून चारचौघांत हिणवलं तर तो ऐकणार नाही. उलट हट्टाने ओढेल.

आपलं नातं, आपलं वय पाहून बोला. काही वाक्यं अशी :

स्टँडवर म्हाताऱ्या माणसाला : "आबा, लेकराला खोकला आहे. जरा त्या लिंबाखाली जाऊन ओढा की. तुमची जागा मी धरून ठेवते."

जीपच्या ड्रायव्हरला : "दादा, गाडीत नको. घाटाखाली चहाला थांबाल तेव्हा उतरून ओढा."

दवाखान्यात अनोळखी माणसाला : "भाऊ, आत पेशंट आहेत. इथे मनाई आहे, तो फलक बघा."

सभेत : "सरपंच साहेब, सभेच्या जागी धूम्रपान करायचं नाही असा नियम आहे. आधी तेवढं सांगून मग विषय घेऊ या."

ह्या वाक्यांत काय आहे बघा. कुणाला शिव्या नाहीत, उपदेश नाही. प्रत्येकात जागेचा नियम आहे, नाहीतर दुसरी जागा दाखवलेली आहे. "तू वाईट" म्हटलं की भांडण होतं. "ही जागा अशी आहे" म्हटलं की माणूस बहुतेक वेळा उठतो, कारण त्यात त्याचा मान जात नाही.

एकटीने बोलायला भीती वाटत असेल तर एकटीने बोलू नका. माणूस दारू प्यायलेला असेल, आडदांड असेल तर तिथे वाद घालू नका. बाजूला व्हा आणि फलकावर ज्याचं नाव आहे त्याला सांगा. दोघी-तिघी मिळून सांगितलं तर काम सोपं होतं. गट कशासाठी आहे?

घरात कायदा येत नाही. त्याच सर्वेक्षणात देशातली १०० पैकी जवळजवळ ३९ मोठी माणसं घरातच दुसऱ्याचा धूर घेतात असं दिसलं. म्हणून घरातला नियम आपणच करायचा. "ओढायची तर उंबऱ्याबाहेर, अंगणाच्या कडेला. लेकरू असलेल्या खोलीत नाही." नवऱ्याला, सासऱ्यांना हे एका दिवसात पटणार नाही. नातवाचं नाव काढून सांगा. सासूबाईंना आपल्या बाजूला घ्या. त्यांनी सांगितलेलं लवकर ऐकलं जातं.

कुणाला सोडायची इच्छा झाली तर त्याला एकटं सोडू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोन सेवा आहे, नंबर १८००-११-२३५६. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडेही विचारता येतं. पहिल्या खेपेला सुटलं नाही म्हणून हसू नका. पुष्कळांना दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो.

७. गावात नियम कसा आणायचा

बोलून एक माणूस एक दिवस उठतो. नियम झाला तर रोज कुणाला बोलावं लागत नाही. त्यासाठी पायऱ्या अशा :

पहिली पायरी, पाहणी. दोघी-दोघींच्या जोड्या करा. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, पंचायत, समाजमंदिर, बस थांबा इथे जाऊन तीन गोष्टी वहीत लिहा : फलक आहे का, त्यावर कुणाचं नाव आहे का, जमिनीवर बिडीची थोटकं दिसतात का.

दुसरी पायरी, गटात आणि ग्रामसंघात ठराव. पाहणीची वही समोर ठेवून बोला.

तिसरी पायरी, महिला ग्रामसभा. नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. तिथे विषय मांडा म्हणजे तो मोठ्या सभेत न्यावाच लागतो.

चौथी पायरी, ग्रामसभा. विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत ठराव झाला की तो इतिवृत्तात लिहिला गेला का ते बघा आणि ठरावाचा नंबर वहीत टिपून घ्या.

पाचवी पायरी, महिन्याने पुन्हा पाहणी. फलक लागला का? थोटकं कमी झाली का? ही पायरी राहिली तर ठराव कागदावरच राहतो.

ठरावाचा नमुना :

"आज दिनांक ____ रोजीच्या सभेत असा ठराव करण्यात येतो की, आपल्या गावातील ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, समाजमंदिर व बस थांबा या ठिकाणी धूम्रपानास कायद्याने मनाई असल्याने तेथे नियमाप्रमाणे फलक लावावेत. प्रत्येक ठिकाणी तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. ग्रामसभा व गावातील सर्व सार्वजनिक बैठका धूरमुक्त ठेवाव्यात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य माल विकला जाणार नाही याची दक्षता ग्रामपंचायतीने घ्यावी. सूचक ____ अनुमोदक ____"

पाराचं काय करायचं? तिथे कायदा अडवत नाही, आपणही अडवू नये. म्हाताऱ्या माणसांना बसायला, बोलायला एक जागा हवी. पार लेकरांच्या शाळेला लागूनच असेल तर मात्र त्यांच्याशी बसून बोला. "ओढायची जागा तिकडच्या अंगाला करू, शाळा सुटायच्या वेळेला नको" असं समजुतीने ठरू शकतं. नियम पाळायला माणसांची साथ लागते. ज्याला पूर्ण कोपऱ्यात ढकललं तो साथ देत नाही.

दंडाबद्दलही एक सांगायचं आहे. २०० रुपये म्हणजे मजुराची निम्मी मजुरी जाऊ शकते आणि ती शेवटी त्याच्या घरातूनच जाते, म्हणजे आपल्यातल्याच एखाद्या बाईच्या पिशवीतून. म्हणून पहिल्यांदा समज द्यावी, दुसऱ्यांदा नाव घेऊन सांगावं, आणि तरी ऐकलं नाही तरच पावती फाडावी, असा आग्रह सभेत धरा. दंड गोळा करायचा म्हणून हा नियम केलेला नाही. हवा स्वच्छ राहिली की काम झालं.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात तुम्ही कुठल्या जागेवरून धुरामुळे उठलात? उठून गेल्याने तुमचं काय राहून गेलं?

२. "माझा पैसा, माझी बिडी" असं म्हणणाऱ्याला तुम्ही तुमच्या शब्दांत काय सांगाल? दोघींनी उभं राहून बोलून दाखवा. एक बिडीवाला व्हा, एक तुम्ही.

३. पाराखाली बसून ओढणाऱ्या म्हाताऱ्याला अडवावं का? अडवावं म्हणणाऱ्या आणि नको म्हणणाऱ्या, दोन्ही बाजू ऐका.

४. गटातल्या कुणाच्या दुकानात बिडी-तंबाखू विकली जाते का? तो माल काढला तर महिन्याला किती तूट येईल आणि ती कशाने भरून काढता येईल? हिशोब फळ्यावर मांडा.

५. आपल्या गावातली पहिली धूरमुक्त जागा कुठली करायची? एकच निवडा. तिथली पाहणी कोण दोघी करणार, त्यांची नावं आजच वहीत लिहा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर लिहिल्याशिवाय बैठक संपवू नका. पुढच्या बैठकीत त्या दोघींनी वही उघडून वाचावी आणि बाकीच्यांनी विचारावं, फलक लागला का?